नरहरी रावांच्या घरातला राजीनामा

चेन्नईला बदली झाली तेव्हा सांगलीहून मी दोन गोष्टी बरोबर नेल्या होत्या. एक, आईने दिलेली कांदा-लसणाच्या चटणीची बरणी. दुसरी, अशी समजूत की आपले पूर्वज घोड्यावर बसून तंजावरपर्यंत आले, पावणेदोनशे वर्षं राज्य करून गेले, तेव्हा इकडच्या लोकांनी आपल्याला बघून निदान खुर्ची तरी सरकवावी. चटणी महिनाभर पुरली. समजूत मात्र पहिल्याच दिवशी नरहरी रावांनी काढून घेतली.

नुंगंबाक्कमच्या आमच्या केंद्र सरकारी ऑफिसात मी अधिकारी म्हणून गेले होते. पहिल्या दिवशी दुपारी आईला फोन लावून मी रडगाणं गात होते. इथे कोणी मराठी बोलत नाही, भातावर भात खातात, मी कसे दिवस काढू, वगैरे. फोन ठेवला आणि फायलींच्या कपाटापलीकडून आवाज आला, "बोलतों कीं, मॅडम. कोणी विचारीत नाहीं."

कपाटाला वळसा घालून बघते तर साठीला टेकलेला एक काटकुळा गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचं पुसट बोट, खिशाला दोन पेनं. हे आमच्या सेक्शनचे अधीक्षक, नरहरी राव. ऑफिसात सगळे त्यांना 'राव सार' म्हणत. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, एखादं जुनं पत्र उठून तमिळ चालीत बोलायला लागलंय. 'का' म्हणायला ते 'कसाला' म्हणत, आणि वाक्याच्या शेवटी कधी 'मा' लावत, कधी नुसता सुस्कारा.

मी आनंदाने म्हटलं, "अरे वा, म्हणजे तुमचे पूर्वज आमच्याच फौजेबरोबर आले असणार."

"फौजेबरोबर खरें," राव म्हणाले. "पण तुमचे आले घोड्यावरून. आमचे आले त्यांच्या मागें चालत, कोणता घोडा मेला तें लिहायला. फौज परत गेली, मॅडम. लिहिणारा राहिला. त्यानंतर तीनशें वर्षांत तुमच्या महाराष्ट्रांतून आमची चौकशी करायला कोणी आलें नाहीं. आतां तुम्हीं आलांत, तेंही बदली झाली म्हणून."

माझी खुर्ची मीच सरकवून घेतली.

त्यांच्या खिशातल्या दोन पेनांची एक गंमत होती. निळं पेन सरकारचं, काळं पेन घरचं. सरकारी पेनने ते घरच्या किराणाची यादीसुद्धा लिहीत नसत, आणि घरचं पेन फायलीला लावत नसत. एकदा निळ्यातली शाई संपली तेव्हा समोरच्या टपालावर सही करायला त्यांनी अर्धा तास लावला. स्टोअरमधून नवं पेन येईपर्यंत ते हात बांधून बसून होते. खिशात काळं पेन तसंच होतं. मी म्हटलं, राव, कोण बघतंय? तर म्हणाले, "मी बघतों कीं."

आता माझ्या कारकिर्दीची गोष्ट सांगते, म्हणजे माझी फजिती झाकून ठेवली असं व्हायला नको. मी आले ती सुधारणा करायच्या जोशात. दहा दिवसांत फर्मान काढलं. साडेनऊला हजेरी, अकराची कॉफीची फेरी बंद, प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे. मला वाटलं कोणीतरी भांडायला येईल. मी तयारीत होते, भांडणात मी बरी आहे. पण कोणी आलं नाही. उलट सगळे माना डोलावून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे करू लागले. खिडकीची काच फुटली तर तिची फाईल उघडली. फाईलला पानं नंबर घालून आली. त्यावर तिघांचे शेरे आले, तिघांच्या शेऱ्यांवर माझा शेरा मागितला गेला. एक साधं उत्तर द्यायचं पत्र माझ्या टेबलावर चार वेळा आलं, दर वेळी नव्या नियमाचा हवाला देऊन. साडेनऊला सगळे हजर होते आणि साडेसहापर्यंत काहीही होत नव्हतं. आठवड्याभरात माझ्या नाकी नऊ आले. वरच्या ऑफिसातून फोन यायला लागले.

सोमवारी अकरा वाजता मी स्वतः उठले आणि रावांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "कॉफी सुरू करा."

कॉफी आली. पितळेच्या डबऱ्यातली, म्हणजे पेला-वाटीतली, फेसाळ, स्वतः राव घेऊन आले. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुमच्या आधीं सोळा साहेब पाहिले, मॅडम. तुम्हीं सर्वांत लवकर शिकलांत."

"हे सगळं तुम्हीच केलंत ना?"

"मी काय केलें? तुमची आज्ञा पाळली." मग खुर्ची ओढून, न विचारता बसून, त्यांनी मला इतिहास शिकवला. म्हणाले, लढून राज्यं पडतात असं शाळेत शिकवतात, कारण लढाईचं चित्र काढायला बरं पडतं. खरं तर राज्य हुकूम पाळूनच पडतं. सगळ्यांनी मन लावून हुकूम पाळले की कोणतंही राज्य पंधरवडाभरात बसतं. चोळांचं बसलं, नायकांचं बसलं, आमच्या मराठ्यांचं बसलं, गोऱ्यांचंही बसलं. "आणि तुमचें बसत होतें," ते म्हणाले, "पण तुम्हांला कॉफी आठवली."

हा माणूस मला आवडायला लागला तो त्या दिवसापासून. राग आला होता, तरीही.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल, हार आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करा म्हटल्यावर उभे राहिले, निळं पेन खिशातून काढलं, स्टोअरच्या माणसाच्या हातात दिलं, पावती मागितली आणि बसले. एवढंच भाषण.

त्यानंतर मी त्यांच्या वेस्ट मांबलमच्या घरी रविवारी जायला लागले. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथे ते आणि त्यांच्या थोरल्या भगिनी, कावेरी अक्का. अक्का त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, लग्न केलेलं नाही, आयुष्यभर गणिताच्या शिक्षिका. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे चाकाच्या खुर्चीत असत, पण आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. मला पहिल्यांदा बघितल्यावर त्यांनी विचारलं, "सतराचा पाढा येतो का?" मला येत नव्हता. त्यांनी भावाकडे असं बघितलं, जणू हा कोणालाही घरात आणतो.

राव निवृत्तीनंतर एक काम करत, फुकट. तंजावरकडून आलेल्या मराठी घरांत बहुतेकांच्या देवघरात एक जुना कागद असतो. मोडी लिपीतला, रेशमी फडक्यात गुंडाळलेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, इकडच्या सरस्वतीपूजेला, तो बाहेर काढतात, हळदकुंकू लावतात आणि परत ठेवतात. वाचता कोणालाच येत नाही. घरातली पोरं तमिळ आणि इंग्रजीत बोलतात, मराठी समजली तरी पुष्कळ. त्यामुळे प्रत्येक घराची खात्री असते की आपला कागद म्हणजे राजाने पराक्रमाबद्दल दिलेली सनद. राव लहानपणी आजोबांकडून मोडी शिकले होते. झोपाळ्यावर बसून आजोबा, ज्यांना ते अज्जा म्हणत, आधी पानभर आडवी रेघ ओढायचे आणि मग तिला अक्षरं लटकवायला लावायचे. "अक्का खालीं बसून शाई करायची," राव सांगत. "मी चुकलों कीं अज्जा मला मारायचे आणि शाई पातळ झाली कीं तिला." आता लोक आपापले कागद घेऊन रावांकडे येत, आणि राव कागदात जे असेल ते वाचून दाखवत. त्यात मीठमसाला घालणं त्यांना जमत नसे, आणि वगळणं तर त्याहून नाही.

मलाही ते मोडी शिकवायला लागले. मला येत नाही म्हटल्यावर माझा स्वाभिमान दुखावला होता, त्याचा त्यांनी फायदा घेतला. मी पान लिहून दाखवलं की म्हणत, "बरें आहे. मुंगी शाईंत पडून चालली तर असेंच दिसेल."

एकदा सिरुसेरीच्या आयटी पार्कात काम करणारा एक तरुण वडिलांना घेऊन आला. त्यांच्या घरात कागद होता आणि त्यांनी तो काचेत मढवला होता. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण बहिणीच्या लग्नात त्या मुलाने कागदाची एक ओळ स्कॅन करून लग्नपत्रिकेवर सोनेरी अक्षरात छापली होती. गणपतीच्या खाली, मुहूर्ताच्या वर. पत्रिका रावांनाही आली होती. लग्न होऊन महिना झाला होता. आता संपूर्ण कागदाचा अर्थ सांगा म्हणून दोघे आले होते.

रावांनी चष्मा पुसला. "सांगूं का?" असं दोनदा विचारलं. मग वाचलं. राजवाड्याच्या पहारेकऱ्याला दिलेली ताकीद होती ती. सरकारी बागेतले आंबे तू पुन्हा तोडलेस, मागच्या खेपेस सोडलं, आता सोडणार नाही. पत्रिकेवर छापलेली ओळ होती, 'पुन्हा ऐसें केल्यास मुलाहिजा होणार नाहीं.'

मुलगा हसायला लागला. वडील हसले नाहीत. मढवलेली काच काखेत घेऊन ते जिन्यापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "राव, चार शब्द गोड बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?" ते वर्षभर रावांशी बोलले नाहीत.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सनद होती म्हणाला असतात तर कोणाला कळणार होतं?"

"कागदाला कळलें असतें," राव म्हणाले. मग चष्मा पुन्हा पुसत, "आणि बाई, पराक्रम काय, कोणीही करतो. वरून हुकूम आला कीं माणूस तरवार चालवतोच. राजाच्या बागेंतले आंबे दोनदां तोडायचे, तेंही पहारेकरी असून, याला माणूस लागतो. मी त्यांना तेंच सांगणार होतों. ऐकायला थांबले नाहींत."

आतून अक्का म्हणाल्या, "खोटें बोलायला येत नाहीं तर गप्प बसायला शीक रे."

राज्यं कशी येतात आणि जातात यावर त्यांची स्वतःची मतं होती, आणि ती कोणत्याही परीक्षेत नापास झाली असती. पहाटे दूध आणायला ते कोपऱ्यावर जात तेव्हा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस पाळीची माणसं घ्यायला तिथे थांबे. राव ती निघेपर्यंत बघत उभे राहत. म्हणत, "यांचेच आजे-पणजे राजाच्या वर्दींत उभे होते, मग गोऱ्याच्या वर्दींत. आतां ही निळी वर्दी आली. डबा तोच, डब्यांतला दहीभात तोच. राज्य बदललें असें म्हणतात, बदलतें तें बटण." मी विचारलं, मग माणसाने काय करायचं? ते म्हणाले, "दहीभात चांगला करायचा." हे सांगतानाही चेहरा गंभीर.

त्यांच्याही देवघरात एक कागद होता, आणि त्या घरात त्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाठ होती. सांगायच्या नेहमी अक्काच. त्यांच्या पणजोबांचे आजोबा, भीमाजी पंत, तंजावरच्या दप्तरात कारकून होते. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि दिवाणाच्या खुर्चीत गोरा साहेब येऊन बसला, त्या दिवशी भीमाजी पंतांनी बोरू खाली ठेवला, राजीनामा लिहिला आणि चालत घरी आले. त्याचीच ही एक प्रत. अज्जा दर सरस्वतीपूजेला ती मोठ्याने वाचत. अज्जा गेले तेव्हा राव आठ वर्षांचे होते. वडिलांना मोडी येत नव्हती. तेव्हापासून कागद फडक्यात बांधलेलाच राहिला.

अक्कांसाठी ही नुसती गोष्ट नव्हती. चाळिशीत असताना त्यांच्या शाळेच्या चालकांनी त्यांना सांगितलं, गणितात नापास झालेल्या अमुक मुलीला पास करा, ती ट्रस्टींची नात आहे. अक्का मुख्याध्यापिका व्हायच्या बेतात होत्या. त्यांनी एका ओळीचा राजीनामा लिहिला आणि चालत घरी आल्या. पुन्हा कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. पुढची वीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्या, आणि गल्लीतल्या दोन पिढ्या त्यांना बघून अजून रस्ता बदलतात. मी विचारलं होतं, भीती नाही वाटली? अक्का म्हणाल्या होत्या, "कसाला? आमच्या घरीं राजीनाम्याची रीत आहे." आणि भावाकडे बघून, "याला सोडून. यानें सोळा साहेब पचवले."

राव हसले होते. म्हणाले होते, "सतरा. या बाईंना धर."

माझी पुन्हा बदली झाली, नागपूरला. जायला महिना होता तेव्हा इथल्या मराठी कुटुंबांच्या मंडळाने घराघरातल्या जुन्या कागदांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अक्कांनी लगेच जाहीर केलं की भीमाजी पंतांचा राजीनामा पहिल्या पेटीत असेल. राव म्हणाले, कागद जुना आहे, तुटेल. अक्का म्हणाल्या, मी त्याच्यापेक्षा जुनी, मी नाही तुटले. राव म्हणाले, देवघरातली वस्तू बाहेर कशाला? अक्का म्हणाल्या, "आणि द्यायच्या आधीं घरांत एकदां वाच. अज्जा गेल्यापासून मी ऐकला नाहीं. मेल्यावर ऐकूं का?"

राव उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेले. कपडे अजून ओले होते.

प्रत्येक कागदाचा फोटो काढून मंडळाला द्यायचा होता आणि ते काम माझ्याकडे होतं, कारण चांगला फोन माझा होता. वाचन रविवारी ठरलं. शनिवारी दुपारी अक्का झोपल्या होत्या तेव्हा रावांनी फडकं सोडलं आणि कागद टेबलावर पसरला. मी फोन धरला. फोटो काढता काढता पहिली ओळ वाचली, मग दुसरी. मुंगी शाईत पडल्यासारखं का होईना, मला आता वाचता येत होतं. राव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

राजीनामा नव्हता तो. नोकरीचा अर्ज होता. 'सेवक पूर्वींपासून दप्तरीं लिहित आला. नवे सरकारची चाकरी करावयास राजी असे. अक्षर बरवें आहे. हुकूम व्हावा.'

"वाचलेंत?" राव म्हणाले.

"हो."

"मी वयाच्या चाळिसाव्या वर्षीं वाचला. अक्का गांवाला गेली होती तेव्हां. तिनें राजीनामा देऊन दोन वर्षें झालीं होतीं." ते टेबलाशी येऊन बसले. "बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतों, अर्ज घरांत आहे म्हणजे दिलाच नाहीं. शेवटच्या क्षणीं मन बदललें. पण मी कारकून आहें, बाई. कच्चा मसुदा नेहमीं घरांतच राहतो."

मी म्हटलं, "मग उद्या काय वाचणार?"

त्यांनी कागदाची घडी घातली. अज्जा खोटं वाचत होते, असं ते म्हणाले. दर वर्षी, देवासमोर बसून, हातात अर्ज धरून राजीनामा वाचत होते. आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून त्यांच्या बहिणीने आपली नोकरी सोडली होती. "आंब्यावाल्याला मी तोंडावर सांगितलें. आतां माझी पाळी आली तर काय करूं?" मी कॉफी करायला आत गेले. सांगलीची कॉफी, पण त्यांनी ती न कुरकुरता प्यायली, यावरून त्यांची अवस्था कळावी.

रविवारी सकाळी अक्का जरीच्या काठाची साडी नेसून खुर्चीत बसल्या. राव आंघोळ करून समोर पाटावर. मी दाराशी. रावांनी कागद उघडला, चष्मा लावला, घसा साफ केला. या माणसाने उभ्या आयुष्यात कागदात नसलेला एक शब्द वाचला नव्हता. आणि आता त्याने तोंड उघडलं आणि सुरू केलं, "श्रीमंत महाराजांचे चरणीं सेवक भीमाजी याचा दंडवत. आज दप्तरांत नवा धनी बसला. सेवकानें बोरू ठेविला." आवाज स्थिर होता. मी खाली बघत उभी राहिले.

"ज्या हातें महाराजांचें नांव लिहिलें," राव म्हणाले, आणि अडले. पुढचं आठवेना. आठ वर्षांचं पोर होतं ते, ऐकलं तेव्हा. त्यांनी कागदाकडे बघितलं. कागदात ते असणारच नव्हतं.

अक्कांनी डोळे मिटले होते. तसंच बसून त्या म्हणाल्या, "त्या हातें दुसरें नांव लिहिणें न होय."

"न होय," राव म्हणाले, आणि पुढचं सगळं धडाधड वाचून काढलं. मग कागद बांधला आणि थेट न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. अक्का मला म्हणाल्या, "नीट वाचला. अज्जांसारखाच वाचला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटलं, बरं झालं. खोटं तर खोटं. बाईच्या आयुष्याचा खांब कशाला काढा?

प्रदर्शनाच्या सकाळी राव मंडळाच्या हॉलमध्ये माझ्या आधी पोचले होते. पहिल्या पेटीत भीमाजी पंतांचा कागद होता आणि खाली एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहिलं होतं, 'तंजावर दप्तरातील कारकुनाचे पत्र.' त्याखाली, काळ्या शाईत, घरच्या पेनने, रावांनी मोडीत दोन ओळी लिहिल्या होत्या. मी वाकून वाचल्या. 'हा नोकरीचा अर्ज आहे. राजीनामा नव्हे. ज्यास वाचतां येईल त्यानें कृपा करून गप्प राहावें.'

मी रावांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं.

"खोटें बोललों तें घरांत," ते हळू आवाजात म्हणाले. "बाहेर लिहून ठेवलें. कागदाशीं माझा व्यवहार सरळ आहे." त्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती, सगळ्यांचे पूर्वज दप्तरातले, आणि ती ओळ वाचता येईल असं त्यांच्यात कोणी नव्हतं. आंबेवाले वडीलही आले होते. त्यांनी चिठ्ठीसमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि मोठ्या मनाने रावांशी हात मिळवला. मला हसू आवरत नव्हतं.

मग दोन मुलांनी अक्कांची खुर्ची आत आणली. अक्कांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतःच चाकं फिरवत पेटीपाशी गेल्या. कागदाकडे त्यांनी नुसतं बघितल्यासारखं केलं. चिठ्ठीवर मात्र वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवला, काचेवर बोट ठेवलं, आणि ते बोट आडव्या रेघेखालून सावकाश सरकायला लागलं. ओठ हलत होते. पहिली ओळ संपली. बोट दुसऱ्या ओळीवर आलं, आणि शेवटच्या दोन शब्दांवर थोडा वेळ थांबलं.

राव माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा हात धरला, तो दुखेल इतका.

झोपाळ्याखाली बसून शाई करणारी मुलगी. तिला कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच. अज्जा दर वर्षी वाचायचे तेव्हा ती सोळा वर्षांची होईपर्यंत समोर बसलेली असायची, कागदापासून हातभर अंतरावर.

अक्कांनी मान वर केली आणि भावाकडे बघितलं. चिठ्ठीत लिहिलं होतं गप्प राहा म्हणून, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाची आज्ञा पाळली. अर्जाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "भीमाजी पंतांचें अक्षर बरवें होतें. तुझें फार बिघडलें रे."

अक्षर बरवें आहे. अर्जातले शब्द होते ते. राजीनाम्यात नव्हते, चिठ्ठीतही नव्हते.

म्हणजे शाळेच्या चालकांसमोर ती एक ओळ लिहिली तेव्हा त्यांना माहीत होतं. घरात अशी काही रीत नव्हती, कोणीही कधी काही सोडलं नव्हतं, पाठीशी कोणताही भीमाजी पंत उभा नव्हता, हे सगळं ठाऊक असून त्या बाईने लिहिलं आणि चालत घरी आल्या. त्या घरातला पहिला राजीनामा त्यांचाच. आणि त्याचं श्रेय त्यांनी इतकी वर्षं एका नोकरी मागणाऱ्या कारकुनाला देऊन टाकलं होतं, बहुतेक भावाचं मन मोडू नये म्हणून. मला तिथे हॉलमध्ये रडू आलं, आणि सांगलीची माणसं सहसा चारचौघांत रडत नाहीत.

राव पुढे झाले, बहिणीच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि खुर्ची वळवली. दाराशी उतार होता तिथे त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. मी शेवटचं बघितलं ते तेवढंच. त्यांची पाठ, वळताना खिशाला दिसलेलं एकच पेन, आणि पुढून अक्कांचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, "रोज एक पान लिही. सकाळीं. मी तपासतें."